जुन्या जीपच्या ब्रेकच्या नळ्या

गाडी चालते कशाने, असे विचारले तर लहान पोरही सांगेल, इंजिनाने. पण चालती गाडी थांबते कशाने? "ब्रेकने," असे आपण म्हणतो. मग ब्रेक लागतो कशाने? इथे पुष्कळ जण गप्प होतात. रोज जीपमध्ये बसणारेही गप्प होतात.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात खाली तापीकाठ सपाट आहे आणि वर सातपुडा आहे. शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळला जा, तळोद्याहून चांदशैली घाटाने धडगावला जा, की अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीला जा, वाट वळणावळणाचीच. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. तोरणमाळ तर अकराशे मीटरहून जास्त उंचावर आहे. चढलेल्या गाडीला उतरावेही लागते. चढताना इंजिनाची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. २०२५ सालच्या ऑक्टोबरात अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी गाडी चांदशैली घाटात कोसळली आणि यात्रेकरू प्राणाला मुकले. घाटात गाडी हाताबाहेर गेली म्हणजे काय होते, हे आपल्या लोकांना कोणी सांगायला नको.

आता एस.टी. आहे, नव्या गाड्याही आल्या. तरी कोणाच्या शेतावर, कोणाच्या दारात जुनी जीप अजून उभी दिसते. तिच्यातून खताची पोती जातात, बाजाराला माणसे जातात. त्या जीपच्या एका बारीक भागाविषयी आम्ही इथे सांगणार आहोत. तो भाग म्हणजे ब्रेकच्या पोलादी नळ्या. आम्ही शाळामास्तर. पाना धरणे हा आमचा धंदा नव्हे. मिस्त्री लोकांजवळ बसून विचारून घेतले, पुस्तकांशी ताडून पाहिले आणि मग लिहिले.

जीप आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या फौजेसाठी ही गाडी काढली. चिखल असो, वाळू असो, चारही चाकांना जोर लावून ती वाट काढी. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. लढाई संपली. आपल्या देशात १९४७ च्या सुमारास मुंबईस विलीज जीप जोडण्याचे काम सुरू झाले. ते करणारी कंपनी पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने घरोघरी ठाऊक झाली. आपल्याकडच्या जुन्या जीप त्याच घराण्यातल्या. म्हणून त्यांचे ब्रेकही त्याच धर्तीचे.

पाय दाबला की चाक कसे थांबते?

बैलगाडी उताराला लागली की बैल मान मागे रेटून जू धरतात. मोटारीला बैल नाहीत. तिथे हे काम तेल करते.

होळीच्या दोन पिचकाऱ्या घ्या. दोन्ही तोंडे एका नळीने जोडा. आत पाणी भरा. एका पिचकारीचा दांडा आत ढकलला की दुसरीचा दांडा बाहेर येतो. मधले पाणी दबून लहान होत नाही. ते आपल्यावरचा दाब जसाच्या तसा पुढे पोचवते. फ्रान्स देशात ब्लेझ पास्कल नावाचा विद्वान १६२३ ते १६६२ या काळात होऊन गेला. कोंडलेल्या पाण्यातला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हा नियम त्याने मांडला. आज जगातल्या बहुतेक मोटारींचे ब्रेक त्याच नियमाने चालतात.

जीपमध्ये पहिली पिचकारी ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या तळाशी असते. तिला मास्टर सिलिंडर म्हणतात. दुसऱ्या पिचकाऱ्या चारही चाकांत असतात. त्यांना व्हील सिलिंडर म्हणतात. मध्ये नळ्या. पाणी गंज आणते, म्हणून आत पाण्याऐवजी ब्रेक ऑइल. पाय दाबला की तेलावर दाब येतो. तो नळीतून चाकात जातो. चाकातली पिचकारी दोन ब्रेक शू बाहेर ढकलते. शूवरचे लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबते.

हा दाब असतो तरी किती? समजा, ड्रायव्हरने ६० किलोच्या जोराने पाय दाबला. पायडलची दांडी पहारीसारखी काम करते. तिने तो जोर पाचपट केला, म्हणजे ३०० किलो झाला. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या सुमारे एक इंच रुंद असतो, म्हणजे त्याचे तोंड ५ चौरस सेंटिमीटर. ३०० ला ५ ने भागा. दर चौरस सेंटिमीटरला ६० किलो. बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सिमेंटच्या गोणीहून जास्त भार! जीपच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या आसपास असतो. त्याच्या तीसपट दाब पेन्सिलीपेक्षा बारीक नळी सोसते. म्हणून ती पोलादाची असते.

सगळी नळी मात्र पोलादाची चालत नाही. पुढची चाके वळतात, खड्ड्यात चाक खाली-वर होते. अशा हलत्या ठिकाणी जाड रबराचा तुकडा जोडतात. त्याला होज पाइप म्हणतात.

नळी सडते कशी?

नळीला दोन शत्रू. एक बाहेरून खातो, एक आतून.

बाहेरचा शत्रू म्हणजे ओल. जीप नाला ओलांडते. चिखल उडतो आणि नळी व चेसी यांच्या फटीत जाऊन बसतो. वरून तो सुकतो, आत ओल धरून ठेवतो. गाडीत खताची, मिठाची पोती असली की त्यांचा चुरा तिथे पडतो. मग गंज दुप्पट वेगाने धावतो. नळी धरून ठेवणारी क्लिप निघाली असेल तर नळी चेसीवर घासते. दोरीने विहिरीचा काठ झिजतो, तशी ती झिजते.

आतला शत्रूही ओलच. ब्रेक ऑइलचा एक स्वभाव आहे. ते हवेतला दमटपणा पिते. आपल्याला दिसत नाही, पण वर्षा-दोन वर्षांत तेलात पाणी उतरते. मग नळी आतून गंजते आणि सिलिंडरही खराब होतो.

ह्या पाण्याचा आणखी एक धोका आहे. ब्रेक ऑइलच्या डब्यावर 'डॉट ३' असे लिहिलेले असते. हे नवे तेल २०५ अंश उष्णतेपर्यंत उकळत नाही. पाणी पिऊन जुने झाले की तेच तेल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला तर ड्रम तापून लाल होतात. तेल उकळते, त्याची वाफ होते. वाफ दबते. मग पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

एकच वाट

जुन्या जीपची एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तिच्या चारही चाकांना तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच वाटेने जाते. कुठेही एके ठिकाणी नळी फुटली की तेल तिथून निघून जाते. एका चाकाची नळी फुटली तर एकाच चाकाचा ब्रेक जाईल असे नाही. चारही जातात.

पुढे लोकांनी यावर तोड काढली. मास्टर सिलिंडरचे दोन कप्पे केले, दोन वाटा केल्या. एक फुटली तरी दुसरी चालते. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना हे सक्तीचे झाले. नंतरच्या जीपही तशा निघाल्या. पण तुमच्या दारची जीप जुनी असेल तर तिला दुसरी वाट नाही, असे समजूनच वागा.

जोड नको

एका जीपवाल्याची हकीकत सांगतो. बाजाराच्या दिवशी त्याची मागची नळी गळू लागली. रस्त्यात कोणीतरी युक्ती केली. नळी कापली, तिचे तोंड दुमडले आणि हातोडीने चेपून बंद केले. गाडी घरी आली. पण ब्रेक दाबला की ती एका बाजूला ओढे, कारण एका चाकाला ब्रेकच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मिस्त्र्याकडे गेला. म्हणाला, "भाऊ, तेवढा तुकडा बदलून द्या. बाकी नळी चांगली आहे."

मिस्त्र्याने चाकूने दुसऱ्या बाजूची नळी खरवडली. गंजाचे पापुद्रे सुटले. तो म्हणाला, "दादा, ह्या सगळ्या एका वयाच्या. आज ही गेली. दुसरी कुठल्या वळणावर जाईल, ते मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?"

जीपवाला म्हणाला, "खर्च फार होईल."

"टप नवा शिवून घेतला तेव्हा विचार केला होता का?" मिस्त्री म्हणाला. "त्यापेक्षा कमीच होईल."

सगळ्या नळ्या बदलल्या. मिस्त्र्याचे म्हणणे बरोबर होते. नळी एक सडली की सगळ्या तपासाव्या, आणि जुन्या असतील तर सगळ्या एकदम बदलाव्या. रबरी नळीचा तुकडा घालून वरून पट्टी आवळणे, रांगोळीसारखी भेग डिंकाने बुजवणे, नळी चेपणे, ह्या युक्त्या पाण्याच्या पंपाला चालतील. साठ किलोच्या दाबाला चालत नाहीत.

नळी कोणती घ्यावी?

ब्रेकसाठीच बनवलेली पोलादी नळी घ्यावी. जुन्या नळीचा तुकडा दुकानात बरोबर न्यावा. जाडी मोजून घ्यावी. कोणती नळी दीड सूत असते, कोणती दोन सूत. नटाचे आटेही जुळले पाहिजेत. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाची ब्रेकची नळीही मिळते. ती गंजत नाही आणि वाकवायला सोपी जाते. पण नुसत्या तांब्याची नळी घेऊ नये. ती हादऱ्यांनी थकते आणि तडकते. डिझेलची किंवा गॅसची नळीही घेऊ नये.

काम कसे करतात?

हे काम जाणत्या मिस्त्र्याकडूनच करून घ्यावे. पण आपण जवळ उभे राहावे आणि पुढील गोष्टी होतात की नाही ते पाहावे.

१. गाडी सपाट जागी उभी करावी. चाकांना दगड लावावे. गाडी उचलल्यावर तिच्याखाली भक्कम घोडी किंवा लाकडी ठोकळे द्यावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये.

२. आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडवणारे तेल घालावे. सकाळी नटांभोवतीचा चिखल ब्रशने झाडून काढावा. मातीचा कण नळीत गेला तर तो सिलिंडरमधले रबर कापतो.

३. वहीत नळ्यांचा नकाशा काढावा. कोणती नळी कुठून कुठे जाते ते लिहावे. काढलेल्या प्रत्येक नळीला चिठ्ठी बांधावी. 'पुढची डावी', 'मागची उजवी', असे त्या चिठ्ठीवर लिहावे. लिहिता-वाचता येऊ लागले, त्याचा हा पहिला उपयोग.

४. नट जुने आणि नरम असतात. साध्या पान्याने त्यांचे कोपरे गोल होतात. नटाला चोहोबाजूंनी धरणारा, तोंड कापलेला रिंग पाना वापरावा.

५. जुनी नळी शक्यतो अख्खी काढावी. तीच नव्या नळीचा नमुना. सुतळी तिच्या वळणांवरून फिरवून लांबी मोजावी आणि तोंडे वळवण्यासाठी थोडी जास्त धरावी.

६. नळी कापायला नळी-कटर वापरावा. करवतीने कापली तर कीस आत पडतो. कापल्यावर आतली धार काढून नळी फुंकून साफ करावी.

७. आता नट नळीवर चढवावा, आणि मगच तोंड वळवावे. तोंड आधी वळवले तर नट चढत नाही आणि तुकडा फुकट जातो.

८. नळीचे तोंड दुहेरी वळवतात. पोळीची कड दुमडून पुन्हा दाबावी, तसे. ह्याला डबल फ्लेअर म्हणतात. एकेरी वळवलेले तोंड दाबाखाली चिरते. तोंड गोल, सारखे आणि बिनचिरेचे आहे का, ते उजेडात धरून पाहावे. शंका आली तर कापून पुन्हा करावे.

९. नळी वाकवताना ती चेपू नये. ज्या जागी चेपली तिथे ती तुटते.

१०. नट आधी नुसत्या बोटांनी तीन-चार आटे फिरवावा, मग पाना लावावा. आट्यांवर सफेदा, सूत किंवा टेप लावू नये. पाण्याच्या नळाला ते ठीक आहे. इथे वळवलेले तोंड बैठकीवर घट्ट बसते आणि त्यानेच गळती थांबते.

११. नळी सायलेन्सरपासून आणि फिरत्या दांड्यापासून दूर न्यावी. जागोजाग क्लिपने धरावी. रबरी होज फुगलेले किंवा चिरलेले असतील तर तेही याच वेळी बदलावे.

हवा काढणे

नळ्या बसल्या म्हणजे काम संपले नाही. आत हवा आहे. सायकलचा पंप घ्या, त्याचे तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा. दांडा आत जातो, कारण हवा दबते. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर पाय असाच आत जाईल आणि चाकाला काही कळणारही नाही.

नवे, बंद डब्यातले ब्रेक ऑइल मास्टर सिलिंडरमध्ये भरावे. कितीतरी दिवस उघडा पडलेला डबा वापरू नये. इंजिन ऑइल, डिझेल किंवा खाण्याचे तेल तर चमचाभरही घालू नये. त्याने आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतात.

या कामाला दोघे लागतात. एक जण पायडलवर, दुसरा चाकाजवळ. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. चाकाच्या मागे एक लहान निपल असते. तिला पारदर्शक नळी लावून तिचे टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. पहिल्याने पाय सावकाश दाबून धरावा. दुसऱ्याने निपल उघडावी. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतील. पाय खाली असतानाच निपल बंद करावी. मग "सोड" म्हणावे. बुडबुडे संपेपर्यंत असेच करावे. मग पुढचे चाक. मधून मधून मास्टर सिलिंडरमध्ये तेल घालत राहावे. ते रिकामे झाले की हवा पुन्हा शिरते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

बाटलीत निघालेले तेल पुन्हा वापरू नये, आणि ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते विषारी आहे. पोरांच्या हाती लागू देऊ नये.

परीक्षा

पाय जोराने दाबून मिनिटभर धरावा. पायडल थोडी ढील घेऊन कडक झाले पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळते आहे. स्पंजसारखे मऊ लागत असेल तर हवा राहिली आहे. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद लावून पाहावा. कागदाला डाग पडता कामा नये. मग मोकळ्या सपाट जागी चालण्याच्या वेगाने गाडी न्यावी आणि चार-पाच वेळा थांबवावी. दुसऱ्या दिवशी सगळे जोड पुन्हा पाहावे. त्यानंतरच माणसे बसवावी.

वहीत तारीख लिहावी: नळ्या कधी बदलल्या, तेल कधी बदलले. तेल दोन वर्षांनी तरी बदलावेच.

घाटात ब्रेक गेला तर?

उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. इंजिनच गाडीला मागे धरते. सारखा पाय ब्रेकवर ठेवू नये. उताराला न्यूट्रल करून तेल वाचवण्याची सवय काही जणांना असते. ती जीवघेणी आहे.

पाय एकदम खाली गेला तर पायडल भराभर दोन-तीनदा मारून पाहावे. इंजिन बंद करू नये. एकेक गिअर खाली आणावा. जुन्या जीपचा हँडब्रेक तेलावर चालत नाही. तो दांड्याने किंवा तारेने मागे जाणाऱ्या फिरत्या शाफ्टला धरतो. म्हणून तेल गेले तरी तो शाबूत असतो. तो झटक्याने न ओढता हळूहळू ओढावा. आणि गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या अंगाला घासत न्यावी. पत्रा चेपेल, माणसे वाचतील.

बसणाऱ्यांनी काय पाहावे?

गाडी ज्याची, काळजी त्याने घ्यावी, हे खरे. पण जीव आपलाही आहे. गाडी उभी होती त्या जागी चाकाजवळ ओला डाग आहे का? ड्रायव्हर ब्रेकसाठी दोन-तीनदा पाय मारतो का? ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढते का? असे दिसले तर घाट चढण्याआधी बोलावे. "भाऊ, ब्रेक दाखवून घ्या, मग बसतो," असे म्हणण्यात लाज नाही. दहा जणांनी म्हटले तर ड्रायव्हर ऐकेल. आणि टपावर व मागे लोंबकळून माणसे नेऊ नयेत. गाडीचा भार वाढला की थांबायला जास्त अंतर लागते, आणि चांगला ब्रेकही कमी पडतो.

लक्षात ठेवा

जुन्या जीपच्या चारही चाकांचा ब्रेक एकाच वाटेवर अवलंबून असतो.
ब्रेकच्या नळीला जोड लावू नये.
एक नळी सडली की सगळ्या तपासाव्या.
बंद डब्यातले ब्रेक ऑइलच वापरावे.
पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा गाडीखाली वाकून नळ्या पाहाव्या.

प्रश्न

१. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर काय होते? का?
२. नळीचे तोंड वळवण्याआधी कोणते काम करावे लागते?
३. तुमच्या गावात जुनी जीप आहे का? तिच्या नळ्या शेवटच्या कधी बदलल्या, ते मालकाला विचारा आणि वहीत लिहा.